ऑईल वाढलं कुठून? कोपरखैरणेतल्या एका डिझेल गाडीचं प्रकरण

गाडी २०२१ सालची, बीएस-६ या प्रदूषण मानकाची डिझेल, मध्यम आकाराची एसयूव्ही. चालवणाऱ्या बाई कोपरखैरणेत राहतात आणि नेरूळच्या एका कॉलेजात शिकवतात. घर ते कॉलेज नऊ-दहा किलोमीटर. एप्रिलमध्ये वार्षिक सर्व्हिसिंग झालं होतं, त्यात नवं ऑईल आणि नवा ऑईल फिल्टर पडला होता. ऑगस्टमध्ये डॅशबोर्डवर पिवळा पाना दिसू लागला आणि सोबत इंजिन ऑईल बदलण्याचा संदेश. सर्व्हिसिंगनंतर गाडी जेमतेम दोन हजार किलोमीटर चालली होती. पुस्तिकेप्रमाणे पुढची सर्व्हिस पंधरा हजार किलोमीटरला किंवा वर्षाने, जे आधी येईल तेव्हा.

बाईंनी सर्व्हिस केलेल्या ठिकाणी फोन लावला. ‘मॅडम, रीसेट करायचं राहिलं असेल, येऊन जा, दोन मिनिटांत करून देतो,’ असं उत्तर मिळालं. रीसेट झालं, पाना गेला. बोनेट कुणी उघडलं नाही. या प्रकरणातली सगळ्यात महागाची दोन मिनिटं हीच, असं माझं मत आहे, आणि ते का, हे पुढे येईलच.

सप्टेंबरात दुसरा पिवळा दिवा लागला: नळकांड्याचं चित्र आणि त्यात ठिपके. बाईंच्या भावाने फोनवर सांगितलं, ‘ऑईल कमी झालंय का बघ आधी.’ त्यांनी स्वतः बोनेट उघडून डिपस्टिक, म्हणजे ऑईल मोजायची पट्टी, ओढली. ऑईल वरच्या खुणेच्याही वर होतं. कमी नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला आणि गाडी तशीच चालू राहिली. पिकअप पडल्यासारखा वाटायला लागला तेव्हा त्या आमच्या तुर्भ्याच्या गॅरेजमध्ये आल्या आणि म्हणाल्या, ‘दादा, ऑईल भरपूर आहे, ते मी पाहिलंय. बाकी काय आहे ते बघा.’

ऑईल भरपूर असणं हीच तक्रार होती.

पट्टी कशी वाचली

बाईंनी घरी घेतलेलं माप मी तसंच धरलं नाही. कोपरखैरणेच्या रो-हाउसच्या गल्ल्यांत गाड्या दोन चाकं फुटपाथवर चढवून उभ्या असतात. तिरक्या गाडीत इंजिनच्या तळाच्या चेंबरमधलं ऑईल एका बाजूला सरकतं आणि पट्टीवरचं माप खरं येत नाही. पोडियमच्या उतारावर उभ्या असलेल्या गाडीचंही तेच. म्हणून गाडी गॅरेजच्या सपाट फरशीवर घेतली, इंजिन गरम असतानाच बंद केलं आणि दहा मिनिटं थांबलो. इंजिन चालू असताना बरंच ऑईल वर हेडमध्ये आणि वाटांमध्ये असतं, ते खाली उतरायला तेवढा वेळ द्यावा लागतो. काही गाड्यांत थंड इंजिनवर मोजायला सांगतात, त्यामुळे आपल्या गाडीची पुस्तिका एकदा वाचून ठेवावी.

पहिल्यांदा पट्टी ओढली की ती फक्त पुसायची, वाचायची नाही, कारण नळीच्या आतून ऑईल लागून ती वरपर्यंत माखलेली असते. धागे सुटणार नाहीत अशा कापडाने पुसायची, पूर्ण आत बसवायची, मग ओढायची. आणि दोन्ही बाजू पाहायच्या. एका बाजूला माप जास्त आणि दुसरीकडे कमी दिसलं तर कमी दिसणारी बाजू धरायची. खालची खूण आणि वरची खूण यांच्यामध्ये बऱ्याच गाड्यांत साधारण एक लीटरचा फरक असतो.

इथे दोन्ही बाजूंनी ऑईल वरच्या खुणेच्या चांगलं बोटभर वर होतं. ते पट्टीवरून झरझर खाली ओघळत होतं. याच प्रतीचं गरम ऑईल असं पळत नाही. मी पट्टी नाकाजवळ धरली, मग बाईंच्या हातात दिली. त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, ‘पंपावर येतो तसा वास आहे.’ रंग काळा होता, पण त्यावरून काहीच ठरत नाही. डिझेल इंजिनात नवं ऑईलही थोड्याच दिवसांत काळं पडतं. रंग बघून ऑईल खराब ठरवणारा मेस्त्री आणि रंग बघून चांगलं ठरवणारा गाडीमालक, दोघेही अंदाजच बांधत असतात.

तीन संशयित

चेंबरमधलं ऑईल आपोआप वाढत नाही. वाढलं असेल तर एक तर भरतानाच जास्त भरलं, नाही तर पाणी किंवा कूलंट आत शिरलं, नाही तर डिझेल.

एप्रिलचं बिल बाईंनी जपून ठेवलं होतं. त्यावर साडेपाच लीटर ऑईल होतं आणि पुस्तिकेत फिल्टरसकट क्षमता तेवढीच दिली होती. बिल बरोबर म्हणजे भरणंही बरोबरच असं नाही, पण जास्त भरल्याचा पुरावा तरी नव्हता.

पाण्याची शंका बाईंनाच होती. जुलैत एका जोरदार पावसात त्या अर्धं चाक बुडेल एवढ्या पाण्यातून गेल्या होत्या. शंका रास्त होती, म्हणून ती तपासून काढून टाकली. ऑईल भरायच्या झाकणाच्या आत पांढरट साय जमली आहे का ते पाहिलं, नव्हती. कूलंटच्या बाटलीतली पातळी खुणांच्या मध्ये होती आणि रंग स्वच्छ होता. मग पट्टीवरचा एक थेंब गरम पत्र्यावर टाकला. ऑईलमध्ये पाणी असेल तर तो तडतडतो, फुटतो. हा नुसता धुरकटला. ही परीक्षा घरी कुणी करू नये. गरम धातू, ऑईल आणि त्यात इंधनाची शंका, हे काम उघड्या जागेत माहीतगाराचंच.

राहिलं डिझेल. एक थेंब शाईशोषक कागदावर टाकून कागद आडवा ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी मध्ये काळा ठिपका होता आणि त्याच्या बाहेर फिकट, तेलकट कडं दूरवर पसरलेलं होतं. पातळ इंधन काजळीला मागे टाकून कागदात पुढे पळतं, त्याचं हे कडं. एवढ्यावर निकाल देऊ नये, पण दिशा कळते.

मग स्कॅनर लावला. डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळण्यात, काजळी बरीच साठलेली दाखवत होता (ठिपक्यांचा तो दिवा याचाच), आणि फिल्टर शेवटचा पूर्ण साफ झाल्यापासून गाडी जवळपास एकोणीसशे किलोमीटर चालली होती. साफसफाई सुरू होऊन अर्धवट सुटल्याच्या नोंदी मात्र रांगेने होत्या. डिझेल फवारणारा इंजेक्टर गळत असेल तरी डिझेल खाली उतरतं, म्हणून चारही इंजेक्टरचे करेक्शनचे आकडे, म्हणजे कॉम्प्युटरला फवाऱ्यात किती कमी-जास्त करावं लागतंय ते, पाहिले. ते मर्यादेत होते. बिघाड कुठल्या सुट्या भागात नव्हता. गाडी वापरण्याची पद्धत बदलली होती आणि त्यातून हे झालं होतं.

डिझेल चेंबरमध्ये कसं उतरतं

हा भाग सविस्तर सांगतो, कारण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांना डीपीएफ लागला, पण शोरूममध्ये चावी हातात देताना हे समजावून सांगणारा क्वचितच भेटतो.

डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला काजळीचा गाळणा. काजळी त्यात अडकते आणि साठते. ती जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी साधारण साडेपाचशे ते सहाशे अंश सेल्सिअस उष्णता लागते. गाडी हायवेवर सलग वेगात धावते तेव्हा धूर मुळातच गरम असतो आणि थोडीफार काजळी आपसूक जळत राहते. शहरात तेवढी उष्णता होत नाही. मग इंजिनचा कॉम्प्युटर स्वतः साफसफाई सुरू करतो, तिला रीजनरेशन म्हणतात. नेहमीचं डिझेल जळून गेल्यानंतर, पिस्टन खाली जात असताना, तो पुन्हा थोडं डिझेल फवारतो. हे डिझेल सिलिंडरमध्ये ताकद देण्यासाठी नसतं. ते धुरासोबत पुढे जाऊन तिथली उष्णता वाढवायची असते.

अडचण अशी, की त्या क्षणी पिस्टन खाली असल्यामुळे सिलिंडरची भिंत उघडी असते. फवाऱ्यातलं काही डिझेल त्या भिंतीवर बसतं, पिस्टनच्या रिंगा ते खरवडून खाली नेतात आणि ते चेंबरमधल्या ऑईलमध्ये मिसळतं. प्रत्येक साफसफाईत थोडं उतरतंच, आणि कंपन्यांनी ते हिशोबात धरलेलं असतं. जपानच्या माझदाच्या डिझेल गाड्यांत तर डिपस्टिकवर वरच्या खुणेच्याही वर एक ‘एक्स’ खूण असते, ऑईल तिथवर चढलं की बदला, असं सांगणारी. काही इंजिनांत हे जादा डिझेल थेट धुराच्या नळीत फवारायला वेगळा इंजेक्टर असतो, त्यांना हा त्रास बराच कमी.

साफसफाई पूर्ण झाली की पुढची बऱ्याच किलोमीटरनंतर येते. अर्धवट सुटली तर काजळी तशीच राहते आणि कॉम्प्युटर लवकरच पुन्हा प्रयत्न करतो, म्हणजे पुन्हा तो उशिराचा फवारा. पेट्रोल ऑईलमध्ये उतरलं तर इंजिन नीट तापल्यावर त्यातलं बरंच उडून जातं. डिझेल जड असतं, ते सहजी उडत नाही, साठत जातं.

बाईंना मी विचारलं, ‘मॅडम, गाडी बंद केल्यावरही पंखा मोठ्याने फिरत राहतो असं कधी झालंय?’ त्या लगेच म्हणाल्या, ‘जवळजवळ रोज. कॉलेजच्या गेटवरचे वॉचमनकाका म्हणायचे, मॅडम, काहीतरी जळल्याचा वास येतोय. मला वाटायचं क्लच.’ सिग्नलला रेस थोडी वर राहायची आणि स्क्रीनवरचा मायलेजचा आकडा अधूनमधून कोसळायचा, हेही त्यांना विचारल्यावर आठवलं. रीजनरेशनच्या या ठळक खुणा. नेमकं तेव्हाच कॉलेज यायचं आणि चावी फिरायची.

एप्रिलआधी असं का झालं नाही? गाडी घेतली तेव्हा त्यांचे यजमान पुण्यात नोकरीला होते. दर आठवड्याला गाडी एक्स्प्रेसवेने जायची-यायची. कळंबोली सोडलं की सलग पाऊण-एक तास इंजिन तापलेलं, गाळणा आपोआप साफ. मार्चमध्ये त्यांची बदली झाली, पुण्याच्या फेऱ्या संपल्या. गाडी तीच, बाईंची चालवण्याची पद्धत तीच, पण पावसाळ्यातल्या सकाळच्या रहदारीत नऊ-दहा किलोमीटर गेलं की बंद. काटा नव्वदवर पोचला म्हणजे इंजिन तापलं असं आपण धरतो. तो काटा कूलंटचा असतो. ऑईल पूर्ण तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो.

पाना काय सांगत होता

सर्व्हिसचे संदेश दोन प्रकारचे असतात. एक साधा मोजणारा: इतके किलोमीटर किंवा इतके महिने झाले की पेटणार. दुसरा हिशोब करणारा. थंड इंजिन किती वेळा सुरू झालं, किती वेळ जागेवर चालू राहिलं, रीजनरेशन किती वेळा झालं वा सुटलं, यावरून तो ऑईलचं उरलेलं आयुष्य काढतो. या गाडीत दुसरा प्रकार होता. दोन हजार किलोमीटरवर तो पेटला याचा अर्थ तो चुकला नव्हता. ऑईलमध्ये डिझेल किती उतरलं असेल याचा त्याचा अंदाज मर्यादेबाहेर गेला होता. रीसेट केल्याने हिशोबाची पाटी कोरी झाली आणि चेंबरमध्ये तेच पातळ ऑईल राहिलं. गाडीने दिलेली पहिली आणि स्वस्तातली सूचना तिथे पुसली गेली. रीसेट ऑईल बदलल्यानंतर करायचं असतं, त्याऐवजी नाही. सर्व्हिस काउंटरवर बसणाऱ्यांनी संदेश वेळेच्या फार आधी आला असेल तर किमान पट्टी तरी ओढावी. बोनेट उघडून बंद करायला रीसेटपेक्षा फार जास्त वेळ लागत नाही.

ऑईलच्या लाल दिव्याबद्दलही इथेच सांगतो, कारण बाईंचा समज होता, आणि तो फार जणांचा असतो, की ऑईल कमी झालं की लाल किटली (ऑईलच्या डब्याचं चित्र) पेटेल. लाल किटली ऑईल किती आहे ते सांगत नाही, दाब सांगते. साध्या स्विचच्या बऱ्याच गाड्यांत दाब अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याखाली गेला की ती लागते, म्हणजे बेअरिंगपर्यंत ऑईल नीट पोचेनासं झालं की. ती चालताना लागली तर गाडी सुरक्षित बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करायचं, पुढच्या पंपापर्यंतही जायचं नाही. पिवळी किटली, खाली लाट असलेली, ही बहुतेक गाड्यांत पातळीची सूचना असते. ती लागली तर सपाट जागा बघून पट्टी ओढायची. पिवळा पाना म्हणजे गॅरेज गाठा, पण घाबरून रस्त्यात थांबू नका. डिपस्टिकच नसलेल्या काही गाड्यांत हे सगळं स्क्रीनवर वाचावं लागतं.

या गाडीत लाल किटली लागली नव्हती. लागण्याकडे वाटचाल मात्र चालू होती. डिझेल मिसळलं की ऑईलचा घट्टपणा उतरतो, बेअरिंगमधली पातळ फिल्म फाटू शकते आणि टर्बोच्या शाफ्टला त्याचा पहिला फटका बसतो. पातळी फारच वर गेली तर आणखी एक धोका असतो. ब्रीदरच्या, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीच्या, वाटेने ऑईलची वाफ इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा घेतं त्या वाटेत, जाते आणि डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑईलवर धावू शकतं. मग चावी काढली तरी ते बंद होत नाही. म्हणून वरच्या खुणेच्या फार वर ऑईल असलेली डिझेल गाडी कुणी ‘हायवेला पळवून आणा, साफ होईल’ म्हणून सांगितलं तर ऐकू नये.

काय केलं आणि कोणत्या क्रमाने

आधी ऑईल बदलावं की आधी गाळणा साफ करावा, यावर गॅरेजमध्ये दोन मतं होती. नवं ऑईल भरून मग रीजनरेशन केलं तर त्या फवाऱ्यातलं डिझेल नव्या ऑईलमध्ये उतरणार. जुन्या, काठोकाठ ऑईलवर केलं तर वर सांगितलेला धोका. आम्ही मधला मार्ग घेतला. पातळी दोन खुणांच्या मध्ये येईपर्यंत जुनं ऑईल काढलं, मग स्कॅनरवरून जागेवरच रीजनरेशन लावलं. हे मोकळ्या आवारात केलं. सायलेन्सरच्या टोकाजवळ कागद, कापड, सुकं गवत काही नाही, आणि हाताशी अग्निशामक. अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ लागला. काजळीचा आकडा खाली आला, डीपीएफचा दिवा गेला. त्यानंतर उरलेलं ऑईल पूर्ण काढलं आणि ऑईल फिल्टर बदलला.

काढलेलं सगळं मापात घातलं तेव्हा सव्वासहा लीटरच्या जवळ भरलं, भरलेलं साडेपाच. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मधल्या काळात इंजिनने थोडं ऑईल जाळलंही असणार, म्हणजे डिझेल या फरकाहून जास्तच उतरलं असणार. यातूनच पुढचं निघतं: डीपीएफवाल्या गाडीत पातळी महिनोन्महिने अगदी जागच्या जागी दिसत असेल तर तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. जळालेलं ऑईल आणि उतरलेलं डिझेल एकमेकांची जागा भरत असू शकतात. पट्टी वाचताना वासही घ्यायचा तो म्हणून.

नवं ऑईल कमी राखेचं, डीपीएफसाठीचं, पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं आणि स्पेसिफिकेशनचंच घातलं. जुन्या डिझेल गाड्यांचं साधं ऑईल स्वस्त पडतं, पण ते जळल्यावर राहणारी राख रीजनरेशनने जात नाही. ती गाळण्यात कायमची बसते. बदललेल्या डीपीएफचं बिल बऱ्याच गाड्यांत लाखाच्या भाषेत होतं, तिथे ऑईलमधली बचत काय कामाची?

बाईंना ओळखीच्या कुणीतरी सुचवलं होतं की गाळणाच काढून टाका, कॉम्प्युटर रीमॅप करून देतो, कटकट संपेल. मी त्यांना स्पष्ट नाही सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत. आणि तो गाळणा जी काजळी अडवतो ती, गाळणा काढला की, ठाणे-बेलापूर रस्त्यावर आपल्याच मुलांच्या छातीत जाते. आमच्या गॅरेजमध्ये हे काम होत नाही.

पुढे

बाईंनी तीन गोष्टी ठरवल्या. पंधरवड्यातून एकदा, रविवारी पहाटे, कळंबोलीहून एक्स्प्रेसवेने खालापूरपर्यंत जाऊन परत. वेगमर्यादेत, पण सलग, एक गिअर खाली ठेवून, म्हणजे इंजिनचे फेरे दोन हजारांच्या वर राहतील. पाम बीच रोडवर हे जमत नाही का, असं त्यांनी विचारलं. वाशी ते बेलापूर रस्ता सरळ आहे, पण अंतर कमी आणि मध्ये सिग्नल. थंड इंजिनने सुरुवात केली तर ते तापेपर्यंत रस्ता संपतो. दुसरं, पंखा घुरघुरतोय आणि वास येतोय असं घरी वा कॉलेजला पोचताना जाणवलं तर जमेल तेव्हा आणखी पंधरा-वीस मिनिटं चालवून मगच बंद करायची. तिसरं, ऑईल पंधरा हजारांची वाट न बघता पाच हजारांवर किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा बदलायचं. कंपनीच्या पुस्तिकेतही जास्त कष्टाच्या वापरासाठी कमी अंतर दिलेलं असतं. रोजचा छोटा, थांबत-थांबत प्रवास त्यातच मोडतो. ते पान सहसा कुणी उघडत नाही.

गल्लीच्या टोकाला असलेली सपाट जागा त्यांनी मोजण्यासाठी धरून ठेवली आहे. दर महिन्याला तिथे पट्टीचा फोटो काढतात आणि मला पाठवतात. नवं ऑईल आम्ही मुद्दाम वरच्या खुणेच्या किंचित खाली ठेवलं होतं, चढायला जागा राहावी म्हणून. दिवाळीपर्यंतच्या फोटोंत ते अगदी थोडं चढलेलं दिसतं, खुणेच्या आतच आहे. डीपीएफचा दिवा पुन्हा लागलेला नाही.

त्यांनी मला शेवटी सरळ विचारलं, ही गाडी ठेवू की विकू? मी म्हटलं, यजमान परत पुण्याला जाणार असतील तर हिच्यासारखी गाडी नाही. वापर कोपरखैरणे-नेरूळ एवढाच राहणार असेल तर पुढची गाडी पेट्रोल किंवा इलेक्ट्रिक घ्या. मार्चमध्ये पुन्हा बदल्या निघतात, तोवर त्या थांबणार आहेत.